तिफणीच्या लाकडाचा पेन

दिनू, तुझी तेरवी आटोपली. पाहुणे गेले, मागून आणलेल्या सतरंज्या परत गेल्या, आणि मी पहिल्यांदा ओसरीत माझ्या शिलाई मशीनवर येऊन बसले. ब्लाउजचं कापड घेतलं, सुई ओवली, आणि सवयीनं समोर पाहिलं. समोर तुझा लाकूड कातायचा लेथ. लेथच्या सळईवर श्यामरावभाऊंचा पेन, तू सोडून गेलास तसाच. मधोमध टवका उडालेला, आणि त्या खळग्यातून आतली पितळी नळी चमकत होती.

खरं सांगू? आधी रडू नाही आलं. राग आला. असं अर्ध्यात टाकून कोणी जातं का रे? भाजीत मीठ जास्त पडलं तरी ताट पुसून खाणारा तू. एखादं लाटणं घासायचं राहिलं असलं तर जेवायला न उठणारा तू. आणि हाच पेन बरा टाकून गेलास, ज्याला दुसरं लाकूड नाही!

जानेफळचे श्यामरावभाऊ ते लाकूड घेऊन आले तो दिवस आठवतो ना? धोतराच्या फडक्यात गुंडाळून आणलं होतं. त्यांच्या घरची जुनी तिफण. ट्रॅक्टर आल्यापासून पेरणीला कोणी ती जुंपली नाही, गोठ्यात पडून होती, तिला उदई लागली. तिन्ही फण ज्यात बसवतात ते जाड बाभळीचं दिंड, तेवढ्यातलं वीतभर चांगलं निघालं. बाकी सगळा भुगा. भाऊंची बायको त्या तिफणीमागं चालत चाड्यात दाणे सोडायची, आणि पोरगी पाठीला बांधलेली असायची. ती पोरगी आता ग्रामसेवक झाली. रुजू व्हायला जाईल तेव्हा पहिली सही या लाकडाच्या पेनानं करावी, एवढंच भाऊंचं म्हणणं होतं.

तू ते लाकूड नाकाला लावून वास घेतलास आणि म्हणालास, "होऊन जाईन भाऊ. फक्त एक सांगतो, हे गेलं त दुसरं नाही."

भाऊ म्हणाले, "म्हणून त तुमच्याकडं आलो."

मला तिथंच धास्ती वाटली होती. पण तुझ्या कामात मी बोललं की तू म्हणायचास, "तू तुह्ये हुक-काज पाहाय ताई."

आपल्या ओसरीसारखी ओसरी अख्ख्या उंद्री गावात नसेल. एका बाजूला माझी मशीन, दुसऱ्या बाजूला तुझा लेथ, मध्ये माझी जुनी सुती साडी पडदा म्हणून बांधलेली. इकडे बायका माप द्यायला उभ्या, तिकडे तू लाकूड तासतोयस. आणि मध्येच तुझी आरोळी यायची, "हालू नका! कोणी हालू नका!"

टवका उडाला की तुझी ही आरोळी ठरलेली. लेथ बंद. मग हात वर करून छातीचं माप देणारी बाई तशीच हात वर करून उभी. चहा आणणारी तुझी बायको नंदा दारातच, कप हातात. तू गुडघ्यावर येऊन, गाल फरशीला टेकवून तो ज्वारीच्या दाण्याएवढा टवका शोधायचास. उडालेला टवका सापडला की काम फत्ते, तोच परत जागेवर बसवायचा, झटक्यात चिकटणाऱ्या गोंदाचा एक थेंब, आणि कोणाच्या बापाला कळत नाही. एकदा तर सापडेचना. सगळी ओसरी पालथी घातली. शेवटी निघाला नंदाच्या अंबाड्यात. तू तो चिमट्यानं काढलास आणि ती बिचारी मान खाली घालून बसली होती. त्यावर मापाला आलेली बाई म्हणाली, "अवो माय, ह्या घरात डोकंही झाडून पाहा लागते का?" किती हसलो आपण त्या दिवशी. चहाचं पाणी झालं.

आणि टवका नाहीच सापडला तर? तर त्याच लाकडाचा भुसा. पेनासाठी घरचं लाकूड घेऊन येणाऱ्या प्रत्येकाचा भुसा आणि उरलेले तुकडे तू पेढ्याच्या रिकाम्या खोक्यांत वेगळे ठेवायचास. पेन ज्याचा त्याच्या हातात पडल्याशिवाय त्याचं खोकं टाकायचं नाही, हा तुझा नियम. भुसा खळग्यात भरायचा, गोंद सोडायचा, घासायचं. पण भरलेली जागा थोडी काळपट दिसतेच. मग तू तिथं बारीक खाच पाडून फिरत्या पेनावर तार ताणून धरायचास, धूर निघायचा आणि गोल काळी रेघ उमटायची. डाग रेघेत गेला! लोकांना वाटायचं नक्षी आहे. धामणगाव बढ्याचा तो दुकानदार आठवतो? "मले दोन रेघांचाच पायजे, माह्या साडूकडं एकच रेघ हाय." बिनचुकीच्या पेनावर तुला मुद्दाम दोन रेघा ओढाव्या लागल्या. मी म्हटलं, "पाह्य, तुह्या चुकांची फॅशन झाली."

"चुका माह्या नाहीत. लाकडाच्या हायेत."

हेच. हेच तर आपलं कायमचं भांडण. टवका उडाला की लाकूड वाळलेलं नव्हतं. नळी अर्ध्यात अडकली की लाकडाचं भोक आखडलं. एकदा बैलांच्या जुन्या जुवात दडलेला खिळा लागून पटाशीची धार गेली, तेव्हा तर तू दिवसभर छाती काढून फिरलास, "पाह्यलं ना? म्हनलं होतं ना, लाकूडच बेईमान असते!" तुझा हात चुकला असं तुझ्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. मी म्हणायची, "अरे, माझी बाही उलटी लागते, मी सांगते हात चुकला. उसवते, परत लावते. तुला सांगायला काय जड जातं?"

त्यावर तू एकदाच नीट बोललास. पटाशी खाली ठेवली आणि म्हणालास, "तुह्या कामात उसवता येते ताई. माह्यात नाही येत."

मी मान खाली घालून बाही उसवत राहिले.

दुसरं भांडण शर्टाचं. तुझा तो कामाचा खाकी शर्ट. बाहेर झटकून मग घरात ये, हे मी तुला किती वर्षं सांगत आले! तू तसाच यायचास. खिशात भुसा, कॉलरखाली भुसा, दुमडलेल्या बाह्यांत भुसा. तसाच ताटावर बसायचास. कोण्या नवरीच्या पांढऱ्या ब्लाउजवर तुझ्या शिसमाचा कण पडला की माझा जीव वरखाली व्हायचा. मी ओरडायची, "दिन्या, झटक तो शर्ट!" तू म्हणायचास, "हाव, झटकतो." हाव म्हणायचास आणि जेवायला बसायचास. नंदासुद्धा तुझीच बाजू घ्यायची, "राहू द्या ना ताई, लाकूडच हाय, शेण थोडीच हाय."

मी तरी एवढी ओरडायची कशी, याचं आता नवल वाटतं. घर तुझं होतं. मी सासर सोडून एका पिशवीनिशी दारात उभी राहिले तेव्हा तू काही विचारलं नाहीस. "काऊन आली" एवढंसुद्धा नाही. लेथ सरकवलास, त्याचे बोल्ट पुन्हा फरशीत ठोकलेस, उजेडाची खिडकीजवळची बाजू मला दिलीस आणि स्वतः कोपऱ्यात गेलास. संध्याकाळी विचारलंस, "मशीन इथं बसंल ना?" मी म्हटलं, "बसंल." झालं. त्यावर आपण परत कधी बोललो नाही. तुझे आभार मानायचे असतात हे मला माहीत होतं रे, पण भावाला ते कोणत्या तोंडानं म्हणायचं? आज म्हणते. उजेडाची बाजू दिलीस, दिनू. तू कोपऱ्यात डोळे फोडत राहिलास आणि मी खिडकीत बसून तुलाच चुका दाखवत राहिले.

आता त्या सकाळचं.

पडद्यापलीकडे लेथ चालू होता. खट्ट आवाज आला आणि लेथ थांबला. मी हातातली सुई तशीच धरली, कारण आता आरोळी येणार. "हालू नका" आलंच नाही. मला वाटलं टवका नसेल उडाला, लाइन गेली असेल. थोड्या वेळानं तूच पडदा सरकवलास. स्टुलावर बसलेला होतास, डावा हात मांडीवर ठेवलेला.

"ताई, आज माहा हात चुकला."

आणि मला काय आनंद झाला, देवा! मी आत हाक मारली, "नंदे, ये वं बाहेर! आयकलं का? आज तुह्या नवऱ्याचा हात चुकला म्हने! लाकूड नाही, हात!"

नंदा पीठ भरल्या हातानं आली आणि हसली. "आज सूर्य कुठून निंघाला?"

तूही हसलास. थोडंसंच. "चुकला ना वं. चुकला म्हंजे चुकला."

"लिहून दे," मी म्हटलं. "ओसरीत टांगते."

टवका शोधायला तू वाकला नाहीस. भाऊंचा पेन, दुसरं लाकूड नसलेला पेन, आणि तू फरशीवर गाल टेकवला नाहीस. मला दिसत होतं सगळं. मी समोरच बसले होते. दिसलं आणि कळलं नाही. तू म्हणालास, "जरा पडतो." शर्ट काढून दारामागच्या खुंटीला लावलास आणि आत गेलास. मी मागून म्हटलं, "झटकला का?" तू "हाव" म्हणालास.

तेवढाच तुझा शेवटचा शब्द माझ्याशी. दुपारी नंदा तुला उठवायला गेली तेव्हा डावी बाजू गेलेली, बोलणं गेलेलं. चिखलीच्या दवाखान्यात नेईपर्यंत तू राहिला नव्हतास.

तू सांगत होतास रे. तुझ्या भाषेत सांगत होतास. हात चुकला, म्हणजे हात चालेना. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी डॉक्टरकडे पळवलं असतं. पण तुझ्या तोंडून ते वाक्य ऐकायची मी इतकी वर्षं वाट पाहत होते की ऐकल्याबरोबर मला वाटलं, मी जिंकले. त्या वेळेला नेलं असतं तर वाचला असतास की नाही, देव जाणे. लोक म्हणतात मनाला लावून घेऊ नका. लागायचं ते लागतंच. मी ब्लाउज उसवते तेव्हा दोऱ्याचं टोक सापडतं. त्या सकाळचं टोक तेवढं मला सापडत नाही.

असो. पेनाचं सांगते.

मी ठरवलं की हा पेन पुरा करायचा. तासायचं तू पुरं केलंच होतंस. पॉलिश तर कायम माझ्याकडेच. राहिला टवका. मी तुझ्यासारखी फरशीवर गाल टेकवून शोधायला लागले, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ओसरी लखलखीत आहे. मशीनच्या चाकाखाली कण नाही. कोपऱ्यातली पेढ्याची खोकीही नाहीत.

खामगावच्या मामीला फोन लावला. मामी बिचारी सुतकाचे सगळे दिवस राबली, तिला काय बोलणार? म्हणाली, "अवं, केवढा कचरा होता तिथं! समदा झाडून काढला म्या. पाहुण्याईच्या आंघोळीचं पाणी त्याच्यावरच तापवलं. मस्त जळे वं, सुकं लाकूड. रॉकेलही लागलं नाही."

मी "बरं केलं मामी" म्हटलं आणि फोन ठेवला. तुझ्या तेरवीला आलेल्या लोकांनी भाऊंच्या तिफणीवर पाणी तापवून आंघोळ केली, दिनू. तू असतास तर आधी कपाळावर हात मारला असतास आणि मग हसून हसून खोकला असतास.

मग मी बाजेच्या जुन्या खुराचा बाभळीचा भुसा काढून पाहिला. वेगळ्या तुकड्यावर भरून पाहिला. लालसर दिसला, परका. या लाकडानं इतक्या पेरण्यांची माती आणि तेल प्यालेलं, त्याचा रंग दुसऱ्या बाभळीला कुठून यायचा? खाच पाडून काळी रेघ ओढावी तर पटाशी धरायची माझी छाती नव्हती. नळीवरची लाकडाची भिंत कागदाएवढी उरली होती. भाऊंचा निरोप आलेला, पोरगी सोमवारी रुजू होते, येऊ का? मी "या" म्हणून बसले होते.

तो शर्ट मला आधीपासून दिसत होता. खोटं कशाला बोलू? दारामागं खुंटीला, तू लावलास तिथंच. मामीच्या झाडूतून तेवढा वाचला, कारण नंदानं त्याला कोणाला हात लावू दिला नाही. येता-जाता ती त्याच्यात तोंड खुपसते, हे मी पाहिलं आहे. तो शर्ट मी कसा मागणार? जी बाई जन्मभर "झटक तो शर्ट" म्हणून ओरडली तिनं आता कोणत्या तोंडानं म्हणावं, की दे, झटकते?

मी मागितला नाही. नंदाच बाहेर आली. माझे ते भुशाचे प्रयोग ती आतून पाहत असणार. खुंटीवरून शर्ट काढला, छातीशी धरला.

"ताई, यात असंल."

"राहू दे नंदा. मी भाऊंना सांगते काहीतरी."

"काय सांगसान? त्याईनं शब्द देल्ला होता." मग म्हणाली, "वास जाईन. जाऊ द्या. तो कसाही जाऊनच राह्यला."

मी पांढऱ्या अस्तराचं कापड फरशीवर पसरलं. तिनं खांदे धरले, मी खालची टोकं धरली, आणि आम्ही दोघींनी तुझा शर्ट झटकला. हळूच. खिसा उलटा केला. बाह्यांच्या घड्या मी नखानं उलगडल्या. वरवरचा भुसा काळसर, मातकट, तिफणीचाच. चिमूटभर. त्याच्याखाली शिसम, सागवान, कोणाकोणाचं काय काय, तुझी सगळी आधीची कामं. नंदा रडत होती. मीही रडत होते, आणि रडता रडता तुला शिव्याही देत होते. एवढी वर्षं माझं ऐकलं असतंस, त्या दिवशी खरंच झटकला असतास, तर आज हे चिमूटभरही हाती लागलं नसतं. बरं झालं नाही ऐकलंस. हेही तुला सांगायला तू नाहीस.

भुसा भरला. गोंदाचा थेंब सोडला, तो चुरचुरला, डोळ्याला झोंबला. पुन्हा भरला. लाइन नव्हती, म्हणून हातानंच घासत बसले, आधी जाड कागद, मग बारीक. नळी झाकली गेली. काळपट ठिपका राहिला, तुरीच्या डाळीएवढा. तू असतास तर रेघ ओढली असतीस. मी तसाच राहू दिला.

सकाळी लाइन आल्यावर लेथचं बटण दाबलं आणि अस्तराची चिंधी घेऊन पॉलिश धरलं. त्या आवाजानं नंदा आतून धावत आली. पडदा सरकवला, मला पाहिलं आणि चौकटीला धरून उभी राहिली. मी लेथ बंद करणार होते, तर म्हणाली, "चालू द्या. जराशीक चालू द्या."

दुपारी श्यामरावभाऊ आले. टोपी काढून आधी तुझ्या फोटोपुढे बसले. मग मी पेन त्यांच्या हातात दिला. ते तो बोटांमध्ये फिरवत राहिले, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि अंगठा बरोबर त्या ठिपक्यावर येऊन थांबला. नख लावून पाहिलं.

"इथं काय झालं हो बाई?" भाऊ म्हणाले. मग जरा चाचरत, "त्याईचा हात चुकला का?"

नंदा माझ्याकडे पाहायला लागली. दिनू, मी आयुष्यभर याच एका प्रश्नाचं उत्तर तुझ्याकडून मागत आले. उत्तर माझ्या ओठांवर तयार होतं.

मी म्हटलं, "नाही भाऊ. लाकूडच तसं होतं."

भाऊंनी मान हलवली. "असंल. मातीत राबलेलं लाकूड हाय." पेन खिशाला लावला, वरून हात ठेवला आणि गेले.

ऐकलंस ना? लाकूड चुकलं होतं. तुझा हात नाही चुकला. आता यावरून मी तुझ्याशी कधीच भांडणार नाही, आणि त्याचंच मला फार वाईट वाटतं.